सारखं नेमकं कुठे : यादीतल्या याद्यांची तुलना
(प्रस्तावना)

सीएसएमटीहून लोकलने कुर्ल्याला यायचे दोन रस्ते आहेत. मेन लाइनची स्लो गाडी पकडली तर सीएसएमटी, मशीद, सँडहर्स्ट रोड, भायखळा, चिंचपोकळी, करी रोड, परळ, दादर, माटुंगा, शीव आणि कुर्ला. हार्बर पकडली तर सीएसएमटी, मशीद, सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी, वडाळा रोड, गुरू तेगबहादूर नगर, चुनाभट्टी आणि कुर्ला. मोजून बघा, दोन्ही याद्यांत ११-११ नावं आहेत.

या दोन याद्या पायथॉनमध्ये लिहिल्या आणि त्या सारख्या आहेत का असं विचारलं, तर उत्तर एका शब्दात येतं : खोटं. उत्तरात चूक काहीच नाही, पण त्यातून हाती फारसं लागत नाही. आता तोच प्रश्न जागेवार विचारू. पहिलं नाव पहिल्याशी जुळतं का, दुसरं दुसऱ्याशी, असं थेट अकराव्यापर्यंत. उत्तर येतं : तीनदा खरं, मग सात वेळा खोटं, आणि शेवटी एकदा खरं. दोन्ही मार्ग सँडहर्स्ट रोडपर्यंत बरोबर जातात, तिथे फुटतात, आणि पुन्हा भेटतात ते कुर्ल्यालाच, एवढी सगळी माहिती या अकरा खऱ्या-खोट्यांत आहे. स्टेशनांची नावं झाकली तरी ती वाचता येते.

ही पुस्तिका या दुसऱ्या प्रकारच्या उत्तराबद्दल आहे. प्रोग्रॅमिंग शिकताना दोन गोष्टींची तुलना पहिल्याच आठवड्यात येते आणि तिथेच मागे पडते. पुढे याद्या येतात, याद्यांच्या आत याद्या येतात, पण तुलनेची समज मात्र ‘दोन बरोबरची चिन्हं टाका’ एवढ्यावरच राहते. आतल्या यादीतला फरक सापडत नाही म्हणून रात्री जागणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांची बुद्धी कमी पडत नव्हती. उत्तराचा आकार कसा हवा हा प्रश्न त्यांना कुणी कधी विचारलाच नव्हता. यादीत यादी असेल तर उत्तरही यादीतल्या यादीसारखंच हवं, आणि प्रत्येक पातळीवर ‘सारखं’ म्हणजे काय हे आपण ठरवायला हवं. भाषा ते आपल्यासाठी ठरवत नाही. ठरवते तेव्हा सगळ्या पातळ्यांना एकच नियम लावते, आणि बहुतेक घोटाळे तिथूनच सुरू होतात.

उदाहरणासाठी लोकलचं वेळापत्रक घेतलं आहे, कारण यादीतली यादी म्हणजे काय हे त्यात उघड दिसतं. मुंबईतल्या मुलांना ते समजावून सांगावं लागत नाही. २०१० साली सचिन टेके यांनी एम-इंडिकेटर हे ॲप आणलं तेव्हापासून ते प्रत्येकाच्या खिशात आहे. वेळापत्रक ही गाड्यांची यादी. प्रत्येक गाडी ही थांब्यांची यादी. प्रत्येक थांबा ही दोन गोष्टींची यादी, स्टेशनचं नाव आणि वेळ. तीन पातळ्या झाल्या. आता आपल्याकडे जुनं आणि नवं अशी दोन वेळापत्रकं आहेत आणि काय बदललं ते शोधायचं आहे.

पायथॉनचं साधं == हे काम कसं करतं ते आधी पाहू. ते पहिल्यांदा लांबी बघतं. एका यादीत ४० गाड्या आणि दुसरीत ४१ असतील तर आत डोकावायच्या आधीच ‘खोटं’ सांगून मोकळं होतं. लांबी सारखी असेल तर पहिल्या गाडीची पहिल्या गाडीशी तुलना करतं. त्या दोन्ही याद्या असल्यामुळे तोच नियम आत पुन्हा लावतं, मग थांब्यांना, मग नाव आणि वेळेला. म्हणजे रिकर्शन त्यात आहेच, आपल्याला लिहावं लागत नाही. मात्र पहिला फरक सापडला की तिथेच थांबतं आणि वर एकच शब्द पाठवतं. फरक कुठे होता हे त्याला एका क्षणापुरतं ठाऊक असतं, पण ते आपल्यापर्यंत पोचत नाही.

आत उतरत जाण्याचा हा नियम जुना आहे. जॉन मॅकार्थी यांचा लिस्प भाषेवरचा निबंध एप्रिल १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तुलनेची दोन वेगळी फंक्शन्स आहेत. ‘एक’ (eq) नावाचं फंक्शन फक्त अणूंसाठी, म्हणजे ज्याचे आणखी तुकडे होत नाहीत अशा घटकांसाठी आहे. याद्यांसाठी ‘इक्वल’ वेगळं. दोन्ही बाजूंना अणू असतील तर ‘एक’ला विचारायचं. दोन्ही बाजूंना याद्या असतील तर पहिले घटक ‘इक्वल’ आहेत का आणि उरलेल्या याद्या ‘इक्वल’ आहेत का ते पाहायचं. एका बाजूला अणू आणि दुसऱ्या बाजूला यादी असेल तर उत्तर खोटं. व्याख्या तीन ओळींत मावते. साठ वर्षांहून जास्त काळ लोटला, भाषा शेकड्यांनी आल्या, तरी यादीतल्या यादीची तुलना आजही याच तीन ओळींवर चालते. ही व्याख्या विद्यार्थ्याने एकदा स्वतःच्या हाताने लिहावी, तयार फंक्शन असलं तरी लिहावी, असा माझा आग्रह आहे.

सगळ्याच भाषा हे काम आपणहून करत नाहीत. जावास्क्रिप्टमध्ये एकसारख्या दोन याद्या शेजारी ठेवून विचारलं तर उत्तर खोटं येतं, कारण ती भाषा आतला मजकूर बघत नाही, मेमरीतली वस्तू तीच आहे का एवढंच बघते. जावात दोन ॲरेंमध्ये == लावलं तरी तेच होतं. तिथलं ‘ॲरेज-इक्वल्स’ एक पातळी आत जातं आणि थांबतं. ॲरेच्या आत ॲरे असेल तर ‘डीप-इक्वल्स’ लागतं, आणि ते जावाच्या पाचव्या आवृत्तीत, २००४ साली आलं. परीक्षेत या दोन्हींतला फरक हमखास विचारतात. तो पाठ करण्यापेक्षा ‘हे फंक्शन किती पातळ्या आत जातं?’ हा एकच प्रश्न लक्षात ठेवला तर कोणतीही भाषा चालेल.

एपीएलची गोष्ट मात्र निराळी, आणि माझ्या मते सगळ्यांत शिकण्याजोगी. ही भाषा ज्यातून आली ते केनेथ आयव्हर्सन यांचं पुस्तक १९६२ चं. पुढे १९८० च्या दशकात या भाषेत ॲरेच्या आत ॲरे ठेवायची सोय झाली. तिथे दोन चिन्हं आहेत आणि दोन प्रश्न आहेत. ≡ हे चिन्ह विचारतं, ‘हे दोन पूर्णपणे जुळतात का?’ आणि एकच उत्तर देतं. = हे चिन्ह प्रत्येक पातळी उतरत अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत जातं, प्रत्येक जागी १ किंवा ० लिहितं, आणि परत येताना मूळ यादीचाच आकार घेऊन येतं. तीन गाड्या आणि प्रत्येकी दहा वेळा दिल्या, तर तीन याद्या आणि प्रत्येकीत दहा उत्तरं मिळतात. चौथ्या थांब्याची वेळ बदलली असेल तर शून्य चौथ्याच जागी बसलेलं दिसतं. शिवाय लांबी जुळत नसेल तर एपीएल गप्प बसत नाही, चूक दाखवून थांबतं. पायथॉनमधलं ‘झिप’ नेमकं उलट वागतं. दोन याद्या जोडीजोडीने पुढे नेताना आखूड यादी संपली की ते थांबतं आणि लांब यादीची शेपटी न बोलता टाकून देतं. ११ थांब्यांची स्लो आणि सीएसएमटी, भायखळा, दादर, कुर्ला अशी ४ थांब्यांची फास्ट ‘झिप’ला दिली तर चारच जोड्या बनतात, आणि त्यांत भायखळ्याची जोडी मशीदशी लागते. पायथॉन ३.१० पासून ‘झिप’ला ‘स्ट्रिक्ट’ राहायला सांगता येतं. मग लांबी चुकली की ते बोलतं. या पुस्तिकेत जिथे जिथे ‘झिप’ आहे तिथे ते तसंच वापरलं आहे.

इथपर्यंत सगळं जागेवर चालतं. रविवारी मात्र ते कोसळतं.

मेन लाइनवर माटुंगा ते मुलुंड मेगाब्लॉक असला की स्लो गाड्या फास्ट मार्गावर वळवतात, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. रोजची यादी अशी : माटुंगा, शीव, कुर्ला, विद्याविहार, घाटकोपर, विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, नाहूर, मुलुंड. ब्लॉकच्या दिवशी गाडी शीव, कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप आणि मुलुंडला थांबते. यादी उरते ती अशी : माटुंगा, शीव, कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड. १० थांब्यांचे ७ झाले. खरा फरक तीन स्टेशनांचा आहे, विद्याविहार, कांजूरमार्ग आणि नाहूर गळली. पण जागेवार तुलना काय सांगते? पहिले तीन खरं. चौथ्या जागी विद्याविहारसमोर घाटकोपर, खोटं. पाचव्या जागी घाटकोपरसमोर विक्रोळी, खोटं. विक्रोळीसमोर भांडुप, कांजूरसमोर मुलुंड, दोन्ही खोटं. आणि रोजच्या यादीतले शेवटचे तीन थांबे कुणाशीच न जुळता लोंबकळत राहिले. कुर्ल्यानंतर सगळंच बदललं असं हे उत्तर सांगतं, आणि ते साफ चुकीचं आहे. घाटकोपरला उतरणाऱ्याचं स्टेशन आहे तिथेच आहे, फक्त यादीतली त्याची जागा एकाने पुढे सरकली.

तुलनेच्या आधी जोड्या लावाव्या लागतात, तुलना त्यानंतर. यादीतून काही गळलं किंवा मध्येच काही घुसलं असेल तर जागेचा आकडा ही ओळख राहत नाही. दोन फाइलींमधल्या ओळींची अशी जोडी लावायचं काम १९७० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये डग्लस मॅकइलरॉय आणि जेम्स हंट यांनी केलं. युनिक्समधला ‘डिफ’ तो हाच. त्यामागची कल्पना अशी की दोन्ही याद्यांत त्याच क्रमाने येणारी जास्तीत जास्त लांबीची सामाईक मालिका शोधायची, मध्ये काही सुटलं तरी चालेल. वरच्या उदाहरणात ती मालिका म्हणजे ब्लॉकची अख्खी यादीच. ती बाजूला काढली की रोजच्या यादीत उरतात ते नेमके तीन गळलेले थांबे. हे हाताने करायला १० उभे आणि ७ आडवे असा ७० घरांचा तक्ता पुरतो. दुसऱ्या प्रकरणात तो घर-घर भरून दाखवला आहे. ते प्रकरण घाईने वाचू नये. वहीत तक्ता आखून, स्वतः भरून, मग पुढे जावं.

पण हीच युक्ती बाहेरच्या पातळीवर, गाड्यांना, लावायची का? माझं मत ठामपणे नाही. थांब्यांमध्ये क्रम हाच अर्थ असतो. कुर्ल्यानंतर शीव की शीवनंतर कुर्ला, यावर गाडी अप की डाऊन ते ठरतं. गाड्यांच्या यादीतला क्रम हा मात्र छापणाऱ्याच्या सोयीचा असतो. एखादी गाडी दोन मिनिटं मागे गेली आणि यादीत शेजारणीच्या खाली छापली गेली, म्हणून ती वेगळी गाडी होत नाही. तिथे गाडीचा क्रमांक धरून जोडी लावायची, आणि त्यासाठी बाहेरच्या यादीचा डिक्शनरीत रूपांतर केलेला अवतार लागतो. सगळ्यांत आत, थांब्याच्या दोन घटकांत, पुन्हा जागा महत्त्वाची : पहिलं नाव, दुसरी वेळ. म्हणजे एकाच वेळापत्रकात तीन पातळ्यांना तीन नियम झाले. बाहेर क्रमांकाने जोडी, मध्ये क्रम राखून जुळणी, आत जागेवार तुलना. एकच == तिन्ही पातळ्यांना पुरेल ही अपेक्षाच चुकीची आहे.

एक आडवाट इथेच बंद करतो, कारण ती फार मोहाची आहे. आतल्या याद्या सोडवून सगळं एका सरळ यादीत पसरायचं आणि मग तुलना करायची, असा सल्ला सर्रास मिळतो. दोन गाड्यांचं छोटं वेळापत्रक घ्या. पहिल्या आवृत्तीत एक गाडी सीएसएमटी, दादर, कुर्ला अशी येऊन कुर्ल्याला संपते आणि दुसरी घाटकोपरहून निघून ठाण्याला जाते. दुसऱ्या आवृत्तीत पहिली गाडी सीएसएमटी, दादर एवढीच आणि दुसरी कुर्ल्याहून सुटून घाटकोपर, ठाणे अशी जाते. कंस काढून टाका, दोन्ही आवृत्त्यांत सीएसएमटी, दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे असंच उरतं आणि तुलना ‘खरं’ म्हणते. कुर्ल्याच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसासाठी मात्र सगळंच बदललेलं आहे. पहिल्यात दादरहून कुर्ल्याला येता येतं पण इथून पुढे ठाण्याची गाडी नाही, दुसऱ्यात ठाण्याला जाता येतं पण दादरहून यायला गाडी नाही. कंस हीसुद्धा माहितीच आहे. ती टाकून तुलना करणं म्हणजे प्रश्नच बदलणं.

आता सर्वांत आतला घटक, नाव आणि वेळ. मराठीत काम करणाऱ्याला इथे जास्त सावध राहावं लागतं, आणि याविषयी मराठीत लिहिलेलं फार थोडं आहे, म्हणून थोडा रेंगाळतो.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेवरची गाडी हार्बर मार्गाने कुर्ल्याला आली, ती व्हिक्टोरिया टर्मिनसहून. त्या स्टेशनचं १९९६ साली छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं आणि २०१७ साली नावात ‘महाराज’ जोडलं गेलं. म्हणजे व्हीटी, सीएसटी आणि सीएसएमटी असे तीन शब्द आणि स्टेशन एक. तसंच कोळीवाडा आणि गुरू तेगबहादूर नगर. अक्षरांची तुलना यांना वेगळं म्हणेल. उलट ‘सँडहर्स्ट रोड’ हे नाव मेन आणि हार्बरच्या दोन्ही याद्यांत सारखं आहे, पण हार्बरचा फलाट वरच्या मजल्यावर आहे. नाव सारखं म्हणून जागा सारखी नाही. म्हणून नावांची तुलना करण्याआधी प्रत्येक स्टेशनला एक कायमचा संकेत द्यावा आणि तुलना संकेतांची करावी.

वेळापत्रकातल्या एखाद्या टिपणात ‘दुसऱ्या फलाटावर’ असं लिहिलेलं असेल तर त्यातला अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्ये निरनिराळ्या तऱ्हांनी टाइप होतो. कुणी ‘ऱ’चं स्वतंत्र अक्षर वापरतं, कुणी ‘र’खाली नुक्ता देतं, तर कुणी साध्या ‘र्’नंतर न दिसणारं जोडचिन्ह टाकतं. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पायथॉन मात्र तिघांनाही वेगळं म्हणतो. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या नॉर्मलायझेशनने एक होतात, तिसरा होत नाही, त्यासाठी स्वतःचा नियम लिहावा लागतो. आकड्यांचंही तसंच. ‘८’ आणि इंग्रजी आठ यांची अक्षरं म्हणून तुलना केली तर खोटं, पण दोन्ही आधी संख्येत रूपांतरित केले तर खरं. पायथॉनला देवनागरी आकडे वाचता येतात, हे पुष्कळांना माहीतच नसतं.

वेळेचा घोळ याहून मोठा. आपण ‘आठ दहाची’ म्हणतो आणि लिहिताना ८.१० लिहितो. ते दशांश संख्या म्हणून साठवलं की ८.१ होतं. कुणी आठ वाजून एक मिनिट घाईत ८.१ असं लिहिलं असेल तर दोन्ही वेळा सारख्या ठरतात, नऊ मिनिटांचा फरक नाहीसा होतो. वेळ मध्यरात्रीपासूनच्या मिनिटांत साठवावी. आठ दहा म्हणजे ४९०, आठ एक म्हणजे ४८१. पूर्णांकांच्या तुलनेत असली गफलत होत नाही. मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या गाडीला १४४० च्या पुढचा आकडा द्यावा, नाहीतर शेवटची लोकल यादीत पहिली येऊन बसते.

आणखी एक गोष्ट तुलनेच्या आधीच घडलेली असते. रविवारचं वेळापत्रक बनवायला रोजच्या यादीची प्रत काढतात, रविवारच्या प्रतीतून विद्याविहार काढतात, मग दोन्हींची तुलना करतात, आणि उत्तर येतं : काहीच फरक नाही. कारण वरवरच्या प्रतीत बाहेरची यादी नवी होते, पण आतल्या गाड्या जुन्याच राहतात, दोन्ही प्रतींत सामाईक. रविवारच्या गाडीतून थांबा काढला तेव्हा तो रोजच्या गाडीतूनही गेला. तुलना खरंच सांगत होती, तुलना करायला जुनी यादीच उरली नव्हती. यावर उपाय ‘डीपकॉपी’चा. पण त्याहून महत्त्वाचं, बदल करण्याआधी == आणि ‘इज’ हे दोन्ही प्रश्न विचारून बघायची सवय लावावी. आतली यादी सारखी आहे का, आणि ती तीच आहे का, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

पुस्तिकेतल्या प्रकरणांचा क्रम याच वाटेने जातो : जागेवार तुलना, जोड्या लावणं, पातळीवार नियम, आतले घटक, प्रती. ज्याला आधीपासून रिकर्शन येतं त्याने पहिलं प्रकरण चाळून पुढे जायला हरकत नाही. ज्याला येत नाही त्याने मॅकार्थींची तीन ओळींची व्याख्या कागदावर चालवून बघावी, दोन गाड्या आणि प्रत्येकी तीन थांबे एवढा मजकूर त्याला पुरे.

शेवटचं प्रकरण थोडं अवघड आहे, स्वतःलाच पोटात घेणाऱ्या याद्यांचं. चक्री मार्गाच्या बसचं वेळापत्रक कुणी असं लिहितं की शेवटच्या थांब्यानंतर पुन्हा तीच यादी जोडलेली असते. अशा दोन याद्यांना पायथॉनमध्ये == लावलं तर तुलना आत उतरतच राहते आणि रिकर्शनची मर्यादा संपली की चूक दाखवून थांबते. स्कीम भाषेच्या २०१३ च्या मानकात मात्र ‘इक्वल’ने अशा याद्यांवरही थांबलंच पाहिजे असं बंधन आहे. ते पाळायचा एक मार्ग म्हणजे तपासायला घेतलेल्या जोड्यांची नोंद ठेवायची आणि तीच जोडी पुन्हा समोर आली की ती जुळते असं धरून पुढे जायचं. ही नोंद आपल्या तीन ओळींच्या फंक्शनमध्ये कशी बसवायची, ते त्या प्रकरणात आहे.